एकट्या मामांचाच ऊस गोड

१

सगळ्या शिवारात एकट्या मामांचाच ऊस पिकलाय, बाकी सगळ्यांचा अजून कच्चा आहे, असं यंत्र म्हणालं. आणि ते यंत्र हातात धरणारी मुलगी निघाली मामांची सख्खी भाची, त्यांच्याच घरात लहानाची मोठी झालेली.

आता यातून काय अर्थ काढायचा, हे कुणी कुणाला शिकवावं लागलं नाही. मामांच्या बांधशेजाऱ्याने सकाळीच आपल्या शेतातले ऊस तोडले, मोळी खांद्यावर टाकली आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेऊन आपटली. चरकातून रस काढून तपासला, तर रस चांगला गोड. पिकल्या उसाचा असावा तसा. मग दुसरा एक जण मोळी घेऊन आला. त्याचाही गोड. दुपारपर्यंत व्यवस्थापकाच्या खोलीबाहेर गर्दी झाली आणि जो तो एकच बोलू लागला, की पोरीने मामाचा नंबर पुढे काढला.

कारण यंदा तोडणीचा नंबर त्या यंत्राच्या आकड्यावर लागणार होता. ज्याचा ऊस आधी पिकला, त्याच्या शेतात तोडकऱ्यांची टोळी आधी. पिकलेला ऊस उभा राहिला की वजनाला उतरायला लागतो, म्हणून नंबराला फार किंमत. व्यवस्थापकाने संध्याकाळी सगळ्यांना वजनकाट्यापाशी बोलावलं होतं. तिथे एक तर खुलासा व्हायचा, नाहीतर यंत्र खोक्यात आणि मुलगी घरी.

मुलीला शिवारात सगळे बॅटरीवाली म्हणत. हातात धरायचं ते यंत्र दिसायला जाड बॅटरीसारखंच होतं. उसाच्या कांडीला टेकवायचं, कळ दाबायची, की ऊस न तोडता, रस न काढता गोडीचा आकडा पडद्यावर. गेला आठवडाभर पोरी तिला लांबून हात करत होत्या. आज तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

व्यवस्थापकाने डोक्याला हात लावला आणि मग जे करायचं तेच केलं. बाईंना आणायला गाडी पाठवली.

२

बाई म्हणजे शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या भागात चाळिशीच्या आतबाहेरचं जे माणूस भेटेल त्याने बाईंच्या वर्गात कधी ना कधी भिंग धरून कागद जाळलेला असायचा. व्यवस्थापक त्यांचा विद्यार्थी, बॅटरीवाली त्यांनी शिकवलेल्या अगदी शेवटच्या वर्गातली. त्यामुळे बाई कुणाची बाजू घेतील, असं दोन्हीकडच्यांना वाटत नव्हतं. बाई सगळ्यांनाच सारख्या रागवायच्या.

गाडीतून उतरताना त्यांनी फाटकाच्या कठड्याला धरलं आणि हात पटकन मागे घेतला. तळवा पांढराशुभ्र. गाळप सुरू व्हायच्या आधी कारखाना दरवर्षी रंगवून काढायची तिथली पद्धत होती. कठडे, खांब, पाण्याच्या टाक्या, कुंड्या, झाडांचे बुंधे, जे म्हणून एका जागी उभं असेल त्याला रंग. कारखान्याचा रंगारी वर्षानुवर्षं हे काम करत आला होता, आणि हातात ब्रश आला की त्याला थांबणं माहीत नव्हतं. मागच्या वर्षी त्याने पहारेकऱ्याची खुर्ची रंगवली होती, आणि पहारेकरी त्याच पँटवर वर्षभर पांढऱ्या पट्ट्या घेऊन हिंडला.

"बाई, ओला आहे तो," शिडीवरून रंगाऱ्याने सांगितलं.

"कळलं मला," बाई म्हणाल्या. "पाटी लाव की रे."

"पाटी सुकतेय अजून," तो म्हणाला.

हात धुऊन रंग गेला नाही. तळव्यावरचा चकचकीत डाग तसाच घेऊन बाई व्यवस्थापकाच्या खोलीत गेल्या.

३

चहा आला. बाईंनी बशीतली साखर हातातल्या चमच्यात घेतली, न्याहाळली आणि म्हणाल्या, यंत्र कसं चालतं ते मला समजावून सांगा. बॅटरीवालीने सांगायला सुरुवात केली, पण डोळे भरून येत होते आणि वाक्यं अर्ध्यावर सुटत होती. बाईंनी तिला थांबवलं नाही, घाईही केली नाही. वर्गात अडखळणाऱ्या मुलाकडे बघावं तशा बघत राहिल्या. हळूहळू मुलीचा आवाज जाग्यावर आला.

उजेडात आपल्या डोळ्यांना न दिसणारेही उजेड असतात, ती म्हणाली. यंत्रातला दिवा तो न दिसणारा उजेड उसावर टाकतो. पाणी त्यातला काही उजेड गिळतं, साखर दुसरा काही गिळते, उरलेला परत येतो. परत काय आलं नाही ते बघून यंत्र गोडी ओळखतं. मात्र परत किती यायला हवा होता, हे आधी कळावं लागतं. त्यासाठी डबीत चौकटीत बसवलेली एक पांढरी पट्टी आहे, जवळजवळ सगळा उजेड परत देणारी. रोज शेतात गेल्यावर आधी यंत्र त्या पट्टीला टेकवायचं. मग उसाला.

"म्हणजे दुकानदार तागडीचा काटा आधी मध्यावर आणतो तसं," व्यवस्थापक म्हणाला.

"बरोबर. मागच्या बाकावरून कधीतरी बरोबर उत्तर यायचंच," बाई म्हणाल्या आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत बोलावलं. प्रयोगशाळेचे प्रमुख होते ते. रसातली, चहातली, माणसांच्या बोलण्यातलीसुद्धा प्रत्येक गोष्ट गाळून घ्यायची सवय, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं गाळणीसाहेब. बॅटरी कारखान्यात आली त्या दिवसापासून त्यांचं आणि तिचं जमलं नव्हतं.

त्यांनी लपवलंही नाही. चरक त्यांचा, रस त्यांचा, इतकी वर्षं कारखान्याने त्यांच्या शब्दावर साखर केली. आता ऊसही न कापता गोडी सांगणारी दिवटी आली म्हटल्यावर आपल्याला आनंद कशाला होईल, असं ते सरळ म्हणाले.

"उजेडावरून आकडा काढायचं यंत्रातलं गणित बदलायची परवानगी कुणाला आहे?" बाईंनी विचारलं.

"मला," गाळणीसाहेब म्हणाले. "फक्त मला."

व्यवस्थापक चहाच्या कपात बघत बसला.

४

बाईंनी मग मामांना बोलावलं. मामा तापलेलेच होते. पोरीने सुरुवात माझ्या शेतापासून का केली ते विचारा, म्हणाले. बाईंनी विचारलं. बॅटरीवाली म्हणाली, की काम नवीन होतं, कुठे चुकलं तर घरच्या माणसाच्या शेतात चुकावं, दुसऱ्याच्या नको. म्हणून कारखान्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी फक्त मामांचं शेत मोजलं. सुट्टी झाल्यावर बाकीच्यांची धरली.

"आणि मला त्याचं हे फळ," मामा म्हणाले. "लोक मला गोड मामा म्हणायला लागलेत. आयुष्यात पहिल्यांदा."

तेव्हा बाईंनी एक साधी गोष्ट सुचवली. मामांचं शेत कारखान्याच्या कुंपणालाच लागून होतं. यंत्र घेऊन सगळेच तिकडे गेले. गाळणीसाहेब आले, बांधशेजारी आला, काट्यावरचा माणूसही कुलूप लावून मागून आला. बॅटरीवालीने ठरल्याप्रमाणे सगळं केलं. कांडीवरची पांढरी भुकटी फडक्याने पुसली, पट्टीला यंत्र टेकवलं, मग उसाला. एक ऊस, दुसरा, तिसरा, बांधाच्या कडेचा, आत शिरून मधला.

पडद्यावर आकडे आले आणि ती ते एकेक करून वाचत गेली.

कच्चा. कच्चा. कच्चा. ज्या शेताला तिने पिकलेलं म्हटलं होतं, तेच शेत आता कच्चं. ऊस पिकायचा सोडून उलटा कच्चा होत नाही, एवढं तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"बघा," बांधशेजारी म्हणाला. "आता अंगाशी आलं म्हटल्यावर मामाचाही खाली आणला हिने."

बाईंनी यंत्र स्वतःच्या हातात घेतलं. पट्टी, मग ऊस. कळ त्यांनी दाबली. आकडा तोच आला.

"आता मीही मामाची भाची झाले का?" बाईंनी विचारलं. बांधशेजारी बांधाकडे बघायला लागला.

५

परत येताना बाई कुणाशी बोलल्या नाहीत. फाटकाशी शिडीवर रंगारी पाटीवरची अक्षरं गिरवत होता, त्याच्याकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही. काट्याच्या केबिनमध्ये त्या बसल्या आणि विद्यार्थी समोर असल्यासारख्या बोलायला लागल्या. समोर व्यवस्थापक, बॅटरीवाली, गाळणीसाहेब आणि मामा होते. त्यांनीही विद्यार्थ्यांसारखंच ऐकलं.

मुलीने खोटं सांगितलं असतं, तर आज मामांचा आकडा पुन्हा वरच यायला हवा होता, त्या म्हणाल्या. तो माझ्याही हातात खाली आला. म्हणजे बदल मुलीत नाही, यंत्रात झालाय. आणि तो मामांचं शेत मोजल्यावर, बाकीची शेतं मोजायच्या आधी झालाय. मधे काय होतं? सुट्टी.

गाळणीसाहेबांकडे सगळ्यांच्या माना वळल्या. गणित बदलणारा माणूस एकच होता.

"थांबा," बाई म्हणाल्या. "परत आलेला उजेड यंत्र साठवून ठेवतं का?"

ठेवतं, असं बॅटरीवाली म्हणाली. मग बाईंनी तिला मामांच्या पहिल्या दिवसाचा साठवलेला उजेड, पट्टीचाही आणि उसाचाही, घेऊन आजच्या गणिताने पुन्हा आकडा काढायला लावला. आकडा आला तो पहिल्या दिवशीचाच. पिकलेला.

"गणित तेच आहे," बाई म्हणाल्या. "गणित बदललं असतं तर हाही बदलला असता. साहेब, तुमच्यावर मी अर्धा तास संशय घेतला. माफ करा."

गाळणीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मला त्या बॅटरीला हरवायचं असतं, तर रसाने हरवलं असतं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, मुलीकडे न बघता, त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

तेव्हा उरला उजेड. दिवा मंद झाला असेल का, मामांनी विचारलं. प्रश्न चांगला होता आणि बाईंना चांगल्या प्रश्नाचं नेहमीच कौतुक. दिवा मंद झाला तर पट्टीवरही मंद पडेल आणि उसावरही, त्या म्हणाल्या, तेव्हा तुलना बिघडायची नाही. तागडी कमी उजेडात ठेवली म्हणून वजन कमी भरत नाही. बिघडेल ती दोघांतल्या एकालाच काही झालं तर. ऊस शेतात उभा आहे, त्याला कुणी काही केलं नाही. राहिली पट्टी.

"पट्टी तर चांगली आहे, बाई," बॅटरीवाली घाईने म्हणाली. "उलट सुट्टीनंतर एकदम नव्यासारखी दिसत होती. मला वाटलं प्रयोगशाळेतून कुणी पुसून ठेवली. फक्त डबीत जरा आवळ बसते. आणि डबी उघडली की वास येतो, पण तो या केबिनचाच असेल."

बाई उठल्या आणि डबी खिडकीपाशी घेऊन गेल्या.

६

पट्टी पांढरीशुभ्र होती. बाईंनी ती खिडकीकडे तिरकी केली. पट्टीत खिडकीचे गज दिसले. पुसट, पण दिसले.

त्यांनी आपला तळवा तिच्या शेजारी धरला. फाटकावरचा डाग अजून तसाच होता, आणि त्याच्यावरही खिडकीचा उजेड अगदी तसाच चमकत होता.

बाई एकदम हसायला लागल्या. बॅटरीवालीला वाटलं आपलं काही चुकलं.

त्यांनी काट्यावरच्या माणसाला विचारलं, सुट्टीच्या दिवशी केबिनमध्ये कोण आलं होतं. कुणी नाही, तो म्हणाला, किल्ली माझ्याच खिशात होती, बाहेरचं माणूस फिरकलं नाही. डबी इथेच टेबलावर होती, कारण प्रयोगशाळेला सुट्टीचं कुलूप असतं.

"आणि काट्याच्या तक्त्यावरचे हे ठळक आकडे?" बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. "हे आपोआप नवे झाले का रे?"

"ते होय," तो म्हणाला. "ते रंगाऱ्याने केले. पण तो काय, आपलाच."

मग रंगाऱ्याला शिडीवरून उतरवलं. तो ब्रश हातातच घेऊन आला, टोपीवर पांढरे ठिपके. बाईंनी पट्टी त्याच्यापुढे धरली. रंगाऱ्याने ती पाहिली आणि चेहरा खुलला.

"छान बसलाय ना हात?" तो म्हणाला. "किती मळली होती, बाई. पोरगी रोज शेतात नेते, लोक बघतात. म्हटलं आकडे झालेच आहेत, उरलेल्या रंगात एक हात मारून टाकू. सुकायला अख्खा दिवस मिळाला. तिला सांगणार होतो, पण राहूनच गेलं."

बाहेर गर्दीचा आवाज वाढला होता. लोक जमायला लागले होते. व्यवस्थापकाचा चेहरा असा झाला होता, की हसावं की ओरडावं ते त्याला कळत नव्हतं. रंगाऱ्याने एकेकाचे चेहरे पाहिले आणि त्याचा स्वतःचा हळूहळू उतरत गेला. ब्रश त्याने पाठीमागे धरला.

"काही बिघडलं का माझ्या हातून?"

७

काट्याच्या ओट्यावर बाईंनी दोन बश्या मांडल्या. एकीत साखर, एकीत बारीक मीठ. पुढे उभ्या असलेल्या बांधशेजाऱ्याला त्यांनी विचारलं, साखर कुठली ते लांबून सांग. त्याने डोळे बारीक करून डावी बशी दाखवली. बाईंनी चाखायला लावली. त्याचं तोंड वाकडं झालं आणि मागची माणसं हसली. सकाळपासून त्या आवारात कुणी हसलं नव्हतं.

"डोळ्यांना दोन्ही पांढरीच," बाई म्हणाल्या. "जिभेला मात्र फरक कळतो. हे यंत्र म्हणजे उजेडाची जीभ आहे. ही पट्टी आपल्या डोळ्यांना पहिल्याहून पांढरी दिसते. पण तेलाच्या रंगातलं तेल नेमका तोच उजेड गिळतं, जो साखर गिळते. यंत्राने पट्टीला विचारलं, किती उजेड परत यायला हवा? पट्टीने आधीच त्यातला बराच गिळलेला. मग उसाने गिळला तर यंत्राला वाटलं, याने फारसं काही वेगळं केलं नाही, याच्यात साखर नाही. सगळ्यांचाच ऊस कच्चा. सुटले ते फक्त मामा, कारण त्यांचं शेत रंग लागायच्या आधी मोजलं होतं."

"हे सगळं बोलणं झालं," मागून कुणीतरी म्हणालं. "खरं कशावरून?"

बाई याच प्रश्नाची वाट बघत होत्या. त्यांनी डबी हातात घेतली, चौकटीच्या कडेने नखाने सुकलेला रंग सोडवला आणि अंगठ्याने खालून दाबून पट्टी बाहेर काढली. मग ती उलटी केली. मागची बाजू निस्तेज, बिनचमकीची, कडेला किंचित मळकी. पट्टी आरपार एकाच जातीची होती, आणि चौकटीत अडकलेली असल्यामुळे ब्रश मागे पोहोचला नव्हता.

बांधशेजाऱ्याच्या सकाळच्या मोळीतला एक ऊस ओट्यावर ठेवला. बॅटरीवालीने आधी यंत्र चकचकीत बाजूला टेकवलं, मग उसाला. कच्चा. मग तिने पट्टी उलटी केली. मळक्या बाजूला यंत्र टेकवलं, त्याच उसाला त्याच जागी लावलं आणि कळ दाबण्याआधी डोळे मिटले.

तिने डोळे उघडले तेव्हा गाळणीसाहेब पडद्यावर वाकले होते. त्यांनी आकडा वाचला, खिशातून सकाळचा रसाचा आकडा काढून पाहिला, आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"जुळतो," ते म्हणाले. गाळणीसाहेबांनी कुणाचं असं कौतुक केल्याचं कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं.

गर्दीतून एकच मोठा श्वास सुटल्यासारखा आवाज झाला. बांधशेजारी पुढे आला आणि त्याने मोळीतला सगळ्यात जाड ऊस काढून बॅटरीवालीच्या हातात दिला. पोरी, मी तोंडाला येईल ते बोललो, तो म्हणाला. ती हसली, आणि मग सकाळपासून अडवून धरलेलं रडू तिने मामांच्या खांद्यावर मोकळं केलं. मामांनी तिच्या पाठीवर थोपटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की रड, पण लवकर रड, उद्या सगळी शेतं परत मोजायची आहेत.

ती मोजून झाली तेव्हा एक मजा झाली. पहिला नंबर बांधशेजाऱ्याचा लागला, मामांचा त्याच्या मागे. मामांनी थोडी कुरकुर केली, पण ती सुटकेची होती. गोड मामा हे नाव गेलं म्हणून त्यांना उलट हायसं वाटलं.

रंगारी मात्र त्या संध्याकाळी गर्दीच्या कडेला तसाच उभा होता. व्यवस्थापक त्याला काही बोलायच्या आतच बाईंनी त्याला जवळ बोलावलं.

"शाळेत तू जास्वंदीचं चित्र काढलं होतंस, आठवतं?" त्या म्हणाल्या. "पाकळ्यांची संख्या बरोबर होती. मुळंही काढली होतीस. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा मुलगा काही अर्धवट सोडायचा नाही."

"आज मागची बाजू सोडली, बाई," तो खालच्या मानेने म्हणाला. "पट्टी चौकटीतून निघेना म्हणून राहिली. नाहीतर तीही केली असती."

"निघाली नाही ते बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि व्यवस्थापकसुद्धा हसला. "आता एक काम कर. या डबीच्या झाकणावर ठळक अक्षरांत लिही, आतल्या पट्टीला रंग लावू नये."

रंगाऱ्याच्या चेहऱ्यावर पुन्हा उजेड आला. त्याने डबी दोन्ही हातांनी घेतली, झाकण फुंकलं, अंगठ्याने अक्षरांची उंची मापली आणि विचारलं,

"पांढऱ्याने लिहू?"

"लालने," सगळे एकदम म्हणाले.